आवाज उसना द्यावा, अभिनय देऊ नये

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये टोकियोतील आओनी प्रॉडक्शन या संस्थेने एक करार जाहीर केला. ही संस्था आवाजाच्या कलाकारांचे व्यवस्थापन पाहते आणि त्या क्षेत्रात तिचे नाव जुने व वजनदार आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे माणसाचा आवाज तयार करणाऱ्या कोएफाँट या कंपनीला संस्थेच्या दहा कलाकारांचे आवाज वापरायला मिळणार होते, आणि त्या दहांमध्ये मासाको नोझावा यांचे नाव होते. ‘ड्रॅगन बॉल’ या जपानी ॲनिमेशन मालिकेतल्या गोकू या नायकाला १९८६ पासून ज्यांचा आवाज आहे त्या बाईंनी वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आपला आवाज यंत्राच्या स्वाधीन करावा, याने जपानमध्ये अनेकांच्या भुवया उंचावल्या. कराराच्या मजकुरात मात्र एक अट होती, आणि या लेखाचा विषय ती अटच आहे. हे आवाज सूचना देणे, वाट दाखवणे, वैद्यकीय उपकरणे बोलती करणे अशा कामांसाठी आणि अनेक भाषांमध्ये वापरले जातील. ॲनिमेशन किंवा परदेशी चित्रपटांचे डबिंग अशा अभिनयाच्या कामासाठी ते वापरले जाणार नाहीत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते.

त्याच महिन्यात जपानमधल्या सव्वीस आवाजकलाकारांनी एकत्र येऊन परवानगीवाचून होणाऱ्या आवाजाच्या नकलांविरुद्ध मोहीम सुरू केली. र्‍यूसेई नाकाओ आणि कोइची यामादेरा यांच्यासारखे ज्येष्ठ कलाकार तीत होते. यांतल्या नाकाओंनी ‘ड्रॅगन बॉल’मधला खलनायक फ्रीझा वर्षानुवर्षे नोझावाबाईंच्या गोकूसमोर उभा केलेला आहे. वरवर पाहणाऱ्याला हे दोन तट वाटले, एक यंत्राला शरण गेलेला आणि दुसरा त्याच्याशी लढणारा. मला तसे वाटत नाही. नोझावाबाईंच्या करारातली रेघ आणि मोहिमेतल्या कलाकारांची मागणी या दोन्ही गोष्टी एकाच जागी येऊन मिळतात. ती रेघ योग्य ठिकाणी ओढली गेली आहे, असे माझे मत आहे. माझी तक्रार एवढीच आहे की ती एका संस्थेच्या मर्जीवर उभी आहे आणि तिला कायद्याचा टेकू नाही. परंतु ती रेघ तिथेच का हवी, हे कळण्यासाठी आधी या बाईंची कारकीर्द नीट पाहावी लागते, कारण ‘आवाज’ म्हणून आपण ज्याला ओळखतो तो नुसता कंठाचा गुण असता, तर त्याचा सौदा करायला फारशी हरकत नव्हती.

मासाको नोझावा यांचा जन्म २५ ऑक्टोबर १९३६ चा, टोकियोचा. वडील चित्रकार, आणि आत्या-मावशीच्या नात्यातली एक बाई शोचिकू या चित्रपट कंपनीत अभिनेत्री. तिच्यामुळे तीन वर्षांच्या मासाकोला कॅमेऱ्यासमोर उभे केले गेले. म्हणजे त्यांचे पहिले माध्यम पडदा हे होते. माइक पुष्कळ नंतर आला. युद्धकाळात टोकियोतली असंख्य मुले गावोगावी हलवली गेली, तशा त्याही गुन्मा प्रांतातल्या नुमाता या गावी गेल्या आणि तिथेच शिकल्या. पुढे त्या नाटकमंडळीत आल्या. नाटकावर पोट भरणे तेव्हाही कठीण होते, आणि ज्या कामामुळे त्या प्रसिद्ध झाल्या ते काम या मंडळींकडे आले ते चित्रपटधंद्यातल्या भांडणामुळे.

जपानमध्ये दूरचित्रवाणीचे प्रसारण १९५३ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी पाच मोठ्या चित्रपट कंपन्यांनी आपल्या करारबद्ध नटनट्यांना दुसरीकडे जाता येऊ नये म्हणून आपसांत संगनमत केले, आणि पुढे या नव्या प्रतिस्पर्ध्याला चित्रपट देण्याचेही बंद केले. वाहिन्यांपुढे प्रश्न पडला की वेळ कशाने भरायचा. त्यांनी अमेरिकी मालिका आणल्या आणि त्यांना जपानी बोलायला लावण्यासाठी माणसे शोधली. पडद्यावरचे तारे मिळणार नव्हतेच. मिळत होते ते रंगभूमीवरचे, शिकलेले, तालमीत मुरलेले आणि पैशाची ओढाताण असलेले नट. सुरुवातीच्या काळात हे डबिंग थेट प्रसारित होत असे. इकडे चित्रफीत धावते आहे, तिकडे स्टुडिओत नट तिच्याकडे पाहत संवाद म्हणत आहेत आणि त्याच क्षणी तो संवाद घराघरांत ऐकू जातो आहे. कोणी अडखळले तर फीत थांबणार नव्हती. मालिकांमध्ये लहान मुलगे असत, पण खऱ्या मुलांना या कसरतीत उभे करणे धोक्याचे होते. मोठ्या पुरुषाचा आवाज मुलाला शोभेना. म्हणून बायकांना बोलावण्यात आले, आणि नोझावाबाई या वाटेने जाणाऱ्या पहिल्या काही जणींपैकी एक. ज्या मराठी रंगभूमीने बालगंधर्वांना डोक्यावर घेतले तिच्या प्रेक्षकाला यात काही नवल वाटू नये. फरक असलाच तर एवढा की बालगंधर्व लोकांना दिसत होते, आणि या बाई दिसत नव्हत्या.

तेव्हा या कारकिर्दीच्या मुळाशी वैशिष्ट्यपूर्ण आवाज नव्हता, न चुकता अभिनय करण्याची शिस्त होती. त्या पिढीतले कितीतरी कलाकार स्वतःला आवाजाचे विक्रेते म्हणवून घ्यायला तयार नसत. आपण नट आहोत आणि नटाच्या कामाचा हा एक भाग आहे, असे ते बजावून सांगत. आजच्या वादात हा आग्रह पुन्हा वाचण्यासारखा आहे.

१९६८ मध्ये शिगेरु मिझुकी यांच्या चित्रकथेवरून ‘गेगेगे नो कितारो’ ही मालिका आली आणि तिच्यातला भुताखेतांच्या जगातला मुलगा कितारो नोझावाबाईंनी उभा केला. १९७८ मध्ये ‘गिंगा तेत्सुदो ९९९’मधला तेत्सुरो आला, आईच्या मृत्यूनंतर यंत्राचे शरीर मिळवण्यासाठी ताऱ्यांमधून आगगाडीने निघालेला. (यंत्राचे अमर शरीर हवे की मरणाधीन माणसाचे, हा त्या कथेचा गाभा आहे, या वादात ती कथा आठवल्याशिवाय राहत नाही.) मराठी घरांमधल्या मुलांना एक गोष्ट ऐकून गंमत वाटेल. डोरेमॉनची आज सर्वांना ठाऊक असलेली मालिका १९७९ ची. तिच्याआधी १९७३ मध्ये दुसऱ्या एका वाहिनीवर डोरेमॉन काही महिने आला होता, आणि त्यात मध्येच आवाज बदलावा लागला तेव्हा ती निळी मांजर काही काळ नोझावाबाईंच्या आवाजात बोलली.

फेब्रुवारी १९८६ मध्ये ‘ड्रॅगन बॉल’ सुरू झाली. मूळ चित्रकथाकार अकिरा तोरियामा यांनी चाचणीचे आवाज ऐकून नोझावाबाईंची निवड केली होती. तेव्हा गोकू शेपूट असलेला लहान मुलगा होता. चित्रकथेत तो वाढला, बाप झाला, त्याला गोहान आणि गोतेन हे मुलगे झाले, आणि निर्मात्यांनी बापाचा आवाज तर बदलला नाहीच, दोन्ही मुलांचे आवाजही त्याच बाईंना दिले. पुढे गोकूचा बापही त्यांच्याकडेच आला. एकाच प्रसंगात बाप आणि मुलगे बोलत असतील तर तिन्ही आवाज वेगवेगळे ध्वनिमुद्रित करण्याची सोय असते; नोझावाबाई मात्र ते सलग, एकापाठोपाठ एक म्हणत आल्या आहेत. हे जमते कसे, याचे उत्तर पट्टीच्या चढउतारात शोधले तर सापडत नाही. तिघांचे स्वर जवळजवळ आहेत. वेगळे आहे ते प्रत्येकाचे मन. गोकू पुढचा विचार न करणारा, गोहान घाबरत घाबरत जबाबदारी घेणारा, गोतेन लाडावलेला. आणि हे आपल्याला पहिल्या दोन शब्दांत कळते. चित्रकथेतला पुढचा भाग आपण आधी वाचत नाही, कारण पुढे काय होणार हे गोकूला तरी कुठे माहीत असते, असे त्या सांगत आल्या आहेत. ही नटाची पद्धत आहे.

जपानी ध्वनिमुद्रणाची खोली ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी ती थोडी जवळून सांगतो. भिंतीवर पडदा, त्याच्यासमोर तीन-चार माइक, आणि मागे बाकांवर दहा-पंधरा कलाकार, प्रत्येकाच्या हातात संहिता. ज्याचा संवाद जवळ येतो तो उठून मोकळ्या माइकपाशी जातो, बोलून होताच बाजूला सरकतो आणि त्याची जागा दुसरा घेतो. माइक कमी आणि माणसे जास्त, त्यामुळे कोणी कुठून पुढे यायचे याचा एक न सांगितलेला क्रम असतो. कागद उलटल्याचा आवाज माइकला ऐकू जाता कामा नये. सळसळणारे कपडे आणि वाजणारे दागिने घरी ठेवायचे. पडद्यावर पुष्कळदा पूर्ण चित्रेही नसतात, कच्च्या रेघा असतात आणि कोणत्या पात्राचे बोलणे कधी सुरू होऊन कधी संपते याच्या खुणा. चेहरा नाही, हावभाव नाही, डोळे नाहीत. आधाराला असतो तो शेजारी उभ्या असलेल्या सहकलाकाराचा श्वास. २०२० च्या साथीत कलाकारांना तिघे-चौघे असे वेगवेगळ्या वेळी बोलावण्याची पद्धत आली, तेव्हा ज्येष्ठांना सर्वाधिक सलली ती हीच उणीव. समोरच्याचे वाक्य ऐकून आपले वाक्य बदलते, आणि समोरचाच नसेल तर ते बदलणार कशाने?

यंत्राने तयार केलेल्या आवाजाविषयी माझा मुख्य आक्षेप याच ठिकाणी आहे. यंत्राला भाव जमणार नाहीत असे म्हणणे आता अवघड झाले आहे. राग, रडू, दम लागणे या गोष्टी त्याला येऊ लागल्या आहेत, उद्या अधिक चांगल्या येतील, आणि ‘यंत्राला आत्मा नसतो’ या युक्तिवादावर ज्यांनी आपला खटला उभा केला आहे ते हरणार आहेत. माझे म्हणणे निराळे आहे. अभिनय म्हणजे विशिष्ट क्षणी, विशिष्ट सहकाऱ्यासमोर एका माणसाने घेतलेला निर्णय असतो, आणि त्या निर्णयाचे श्रेय, मोबदला व जबाबदारी त्या माणसाची असते. नोझावाबाईंच्या आवाजाचा साचा काढून त्यातून गोकूचे नवे वाक्य ओतले, तर ते वाक्य असे म्हणायचे हे ठरवणारा कोणी दुसराच असतो, एखादा तंत्रज्ञ किंवा निर्माता. आणि प्रेक्षकापुढे नाव मात्र बाईंचे येते. अभिनय त्यांचा नाही, पण पाटी त्यांची. सूचना वाचण्याच्या कामात हा घोटाळा होत नाही. ‘डावीकडे वळा’ या वाक्यात कोणी निर्णय घेतलेला नसतो, आणि ऐकणाऱ्यालाही आपण मासाको नोझावांचे काम पाहतो आहोत असे वाटत नाही. करारातली रेघ नेमकी या दोहोंमधून जाते. ती भावनेपोटी ओढलेली नाही, कामाच्या स्वरूपावरून ओढलेली आहे, म्हणून ती टिकाऊ आहे.

याच्या विरोधात जे बोलले जाते त्यातला एक मुद्दा गंभीरपणे घ्यायला हवा. माणूस मरतो, पात्र मरत नाही. १ मार्च २०२४ रोजी तोरियामा गेले, तरी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘ड्रॅगन बॉल दाइमा’ ही नवी मालिका सुरू झाली आणि ती चालू असतानाच नोझावाबाईंना ८८ वर्षे पूर्ण झाली. पुढे काय? चार दशके जगभरच्या प्रेक्षकांनी ज्या आवाजावर प्रेम केले तो तंत्राच्या मदतीने टिकवता येत असेल, तर तो मरू देणे हा निव्वळ हट्ट नाही का? प्रेक्षकाच्या बाजूने हा प्रश्न खरा आहे. ‘जगभरच्या’ या शब्दाला थोडी कात्री मात्र लावली पाहिजे: आपल्याकडे ज्यांनी कार्टून नेटवर्कवर हिंदीतून गोकू पाहिला त्यांनी नोझावाबाईंना ऐकलेलेच नाही, आणि इंग्रजीतला गोकू तर शॉन शेमेल या पुरुष कलाकाराच्या आवाजात वाढला. तरी त्या सगळ्यांना गोकू हा गोकूच वाटला. पात्र एका कंठाला जखडलेले नसते, याचा हा साधा पुरावा आहे.

जपानमध्ये याहून चांगले पुरावे आहेत. कितारोच घ्या. नोझावाबाईंनंतर बहुतेक नव्या मालिकांत कितारोला नवी अभिनेत्री मिळत गेली. कितारोचा बाप म्हणजे नुसता एक डोळा आणि त्याखाली चिमुकले शरीर. त्याला १९६८ पासून इसामु तानोनाका यांचा आवाज होता आणि त्या आवाजावाचून तो डोळा कोणाला कल्पनेतही दिसत नव्हता. २०१० मध्ये तानोनाका वारले. २०१८ मध्ये नवी मालिका आली तेव्हा कितारो मियुकी सावाशिरो यांच्याकडे गेला आणि बापाची भूमिका नोझावाबाईंना मिळाली. पन्नास वर्षांपूर्वी ज्या मुलगा होत्या त्या बाप झाल्या. तानोनाकांच्या जुन्या ध्वनिफितींतून बापाचा आवाज यंत्राने काढला असता तर ऐकणाऱ्याला ओळखीचा वाटला असता, पण ही जी गोष्ट घडली ती घडली नसती. त्या बापाच्या बोलण्यात आता मुलगा असल्याची आठवण आहे, आणि ती कोणत्याही नमुन्यातून शिकून येणारी नाही.

डोरेमॉनचेही तेच. नोबुयो ओयामा यांनी १९७९ पासून २००५ पर्यंत, सव्वीस वर्षे, हा आवाज दिला आणि २००५ च्या एप्रिलमध्ये त्यांच्यासह मुख्य पाचही कलाकार बदलण्यात आले. वासाबी मिझुता यांचा नवा डोरेमॉन तेव्हा पुष्कळांना रुचला नाही. आज वीस वर्षांनी एक अख्खी पिढी अशी आहे की जिला तोच खरा वाटतो. सप्टेंबर २०२४ मध्ये ओयामा नव्वदाव्या वर्षी गेल्या. त्यांच्या डोरेमॉनसाठी शोक करायला माणसे होती, कारण तो संपलेला होता. ‘ल्युपिन द थर्ड’ या मालिकेतला चोर नायक ल्युपिन याच्या बाबतीत वाट वेगळी निघाली. १९९५ मध्ये यासुओ यामादा वारल्यावर त्यांची नक्कल करण्यात नाव मिळवलेले कानिची कुरिता यांना ती भूमिका देण्यात आली, आणि नक्कल कुठे संपते व अभिनय कुठे सुरू होतो या प्रश्नाशी कुरितांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. ती निवड मला फारशी पटत नाही. पण झगडणारा निदान एक माणूस होता, आणि हळूहळू तो ल्युपिन त्याचा झाला. नकलेला माझा विरोध नाही, हे सांगायला नोझावाबाईंचेच उदाहरण पुरेसे आहे. आयडेंटिटी या विनोदी जोडीतला एक कलाकार त्यांच्यासारखा पोशाख करून त्यांच्याच थाटात गोकू बोलतो आणि लोक हसून बेजार होतात. बाईंनीही ते खेळकरपणे घेतले आहे. तिथे नक्कल करणारा समोर उभा असतो आणि ती नक्कल आहे हे सर्वांना ठाऊक असते.

इतके बोलून झाल्यावर आओनीच्या रेघेतला कच्चा भाग सांगितला नाही तर ते अप्रामाणिक होईल. ‘अभिनय नव्हे ते यंत्राला’ ही वाटणी नोझावाबाईंना परवडते. नवख्यांना ती परवडेल का, याची मला खात्री नाही. जपानमध्ये ॲनिमेशनमधल्या आवाजाचे मानधन श्रेणीनुसार ठरते, आणि सर्वांत खालच्या श्रेणीतल्या कलाकाराला अर्ध्या तासाच्या भागासाठी १५,००० येन मिळतात, मग त्यात त्याचे एकच वाक्य असो की शंभर. वरच्या श्रेणीत हा आकडा ४५,००० पर्यंत जातो. महिन्याला दोन-तीन भाग मिळाले तर त्यावर टोकियोत भाडेही सुटत नाही. अशा मुलामुलींना आजवर हात देत आली ती हीच किरकोळ कामे: दुकानातल्या घोषणा, कंपन्यांच्या माहितीपट्ट्या, फोनवरची ध्वनिमुद्रित उत्तरे. एका नामवंत आवाजाचा साचा एकदा तयार झाला की ही सगळी कामे त्या साच्याकडे जातील, वर अनेक भाषांमध्ये जातील, आणि नवखा कलाकार अभिनयाच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच उपाशी परत जाईल. तेव्हा अभिनय राखून ठेवण्याने कला वाचते, पण कलाकार घडण्याची शिडी वाचत नाही. साच्याच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा कलाकारांच्या संघटनेकडे जावा आणि त्यातून नव्यांच्या प्रशिक्षणाला व किमान मानधनाला हातभार लागावा, अशी तरतूद करारात असायला हवी होती, असे मला वाटते. एखाद्या वयोवृद्ध कलाकाराच्या पुण्याईवर उभा राहणारा धंदा त्याच पंगतीत शेवटी बसलेल्यांचे पान रिकामे ठेवून चालवू नये.

आणि हे मागितले तर मिळते, असा त्या देशाचाच अनुभव आहे. ऑगस्ट १९७३ मध्ये टोकियोतले आवाजकलाकार संपावर गेले, रस्त्यावर आले, आणि त्यानंतर त्यांचे दर तिपटीहून अधिक वाढले. पुनःप्रसारणाचा मोबदलाही त्यांना पुढे असाच भांडून मिळवावा लागला. कारण कायदा त्यांच्या बाजूने फारसा बोलत नव्हता. जपानच्या स्वामित्वहक्क कायद्यात कलाकाराने एकदा संमती देऊन चित्रपटात काम केले की त्या चित्रणाच्या पुढच्या वापरावरचा त्याचा हक्क जवळजवळ संपतो. ॲनिमेशन हाही चित्रपटच धरला जातो. त्यात २०१९ पासून लागू झालेल्या कलम ३०-४ ने भर घातली. माहितीच्या विश्लेषणासाठी, म्हणजे यंत्राला शिकवण्यासाठीही, संरक्षित साहित्य परवानगीवाचून वापरण्याची मुभा त्याने दिली. हक्कदाराच्या हिताला गैरवाजवी धक्का लागू नये एवढीच मोघम मर्यादा घातली. आवाज हा तर स्वामित्वहक्काचा विषयच नाही. प्रसिद्ध व्यक्तीचे नाव आणि प्रतिमा यांच्या व्यापारी वापराला २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पिंक लेडी या गायिकांच्या खटल्यात लगाम घातला, आणि त्या संरक्षणात आवाजही येतो असे कायदेपंडित मानतात. पण मानणे वेगळे आणि कायद्यात लिहिलेले असणे वेगळे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नटांची संघटना आणि व्यवस्थापन संस्थांचे संघ यांनी एकत्र येऊन तीन मागण्या मांडल्या. ॲनिमेशन आणि डबिंगमधल्या अभिनयासाठी यंत्राचा आवाज वापरू नये. यंत्राला शिकवण्यासाठी आवाज घ्यायचा तर त्या माणसाची परवानगी घ्यावी. आणि आवाज यंत्राचा असेल तर तसे सांगावे. यातली पहिली मागणी आणि नोझावाबाईंच्या करारातली अट यांत काडीचाही फरक नाही. जे एका मातब्बर संस्थेने आपल्या दहा कलाकारांसाठी मिळवले तेच बाकीच्यांना हवे आहे. युकी काजी यांच्यासारख्या लोकप्रिय कलाकाराने तर स्वतःच्या आवाजापासून स्वतःच्या अटींवर एक कृत्रिम आवाज तयार करवून घेतला. तोही याच आग्रहाचा एक प्रकार आहे. कलाकारांना यंत्र नको आहे असे नाही. त्यांना विचारले जायला हवे आहे.

आपल्याकडची स्थिती याहून बरी असल्याचा समज करून घेऊ नये. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंह यांच्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या अर्जावर आवाजाच्या यांत्रिक नकलांना मनाई केली, आणि आवाज हा व्यक्तिमत्त्वाचा भाग आहे हे तत्त्व ठामपणे मांडले. आदेश महत्त्वाचे आहेत. परंतु असा आदेश मिळवण्यासाठी आधी आशा भोसले असावे लागते. मुंबईत हिंदी, मराठी, तमिळ, तेलुगू डबिंग करणारे जे शेकडो कलाकार आहेत, ज्यांची नावे श्रेयनामावलीतही क्वचितच दिसतात, त्यांनी ‘हा माझा आवाज आहे’ हे न्यायालयात सिद्ध तरी कसे करायचे? आपल्या कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलाकाराला मोबदल्याचा आणि आपल्या कामाची विकृती रोखण्याचा हक्क दिला आहे. मात्र तो झालेल्या कामाविषयी आहे. त्या कामातून काढलेला साचा उद्या जे न केलेले काम करील, त्याविषयी तो गप्प आहे. जपानच्या कायद्यातले भगदाड आणि आपले भगदाड इथे सारखेच निघते.

२०२५ मध्ये जपान सरकारने मासाको नोझावा यांना संस्कृतीच्या क्षेत्रातल्या योगदानाबद्दल ‘बुंका कोरोशा’ हा सन्मान दिला. आवाजाच्या कलाकाराला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ, आणि त्यासोबत वर्षाला ३५ लाख येनचे आजन्म निवृत्तिवेतन असते. चांगले झाले. परंतु ज्या सरकारला या कलेचे मोल कळले आहे त्याने तिच्या संरक्षणाचे काम खासगी करारांवर सोडून द्यावे, याचे समर्थन करणे कठीण आहे. कायद्यात काय हवे हे फारसे गूढ नाही. प्रत्येक वापरासाठी वेगळी आणि मुदतीची संमती हवी, कारण सूचनांसाठी दिलेला आवाज पाच वर्षांनी जाहिरातीत आणि दहा वर्षांनी मालिकेत सरकू नये. ती मागे घेण्याचा हक्क कलाकाराला हवा. आणि मृत्यूनंतर काय, हे स्पष्ट लिहिलेले हवे. आज या प्रश्नावर जपानी कायद्यात ठाम उत्तर नाही, आणि वारसांना रक्कम देऊन साच्याकडून अभिनय करवून घेण्याचा मोह सर्वांत मोठा असणार आहे तो तिथेच. या एका बाबतीत मी वारसांनाही मुभा देणार नाही. घोषणा, संग्रहालयातली माहिती, शैक्षणिक उपयोग यांसाठी त्यांनी हवी तर परवानगी द्यावी, पैसे घ्यावेत. अभिनयाची परवानगी मात्र देण्याजोगी वस्तूच नाही, कारण अभिनय करणारा उरलेला नसतो. गोकूला पुढे कधी नवा आवाज शोधावा लागलाच, तर निर्मात्यांनी चाचणीची तारीख लावावी आणि १९८६ मध्ये तोरियामांनी केले तसे आलेल्या माणसांचे आवाज ऐकून निवड करावी. त्या रांगेत उभे राहायला आज १५,००० येनवर काम करणारी कितीतरी मुले तयार असतील.